एक्याऐंशी नव्हे, एकशे दहा

व्यंकटअण्णांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे अण्णा माझ्या गाडीखाली होते. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या मागच्या बोळातली पत्र्याची शेड, एप्रिलमधली सकाळ, आणि गाडीखालून आवाज आला, "मॅडम, तुमची गाडी लटकवून मारली हाय."

मी घाबरलेच. मी मंद्रूपच्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. रोज गाडीनं जाते-येते. वर्षभरात गाडीच्या पुढच्या चाकांजवळचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारे ते लोखंडी हात, दोनदा बदलून झाले होते. तरी प्रत्येक खड्ड्यात पुढून कटकट आवाज यायचाच. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, अण्णांकडं ने.

अण्णा सरपटत बाहेर आले. बारीक अंगकाठी, पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. सोलापुरात टॉवेलाला काय तोटा! पण अण्णांकडचे सगळे टॉवेल कारखान्यातले नाकारलेले असायचे, एकाची किनार वाकडी, एकाचा रंग उतरलेला. त्यांनी तो खांद्यावरचा टॉवेल काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला पीळ घातला.

"ह्यो आर्ममधला रबरी बुश समजा. चाकं वर लटकत असताना बोल्ट आवळला, म्हंजी रबर आसं पिळलेलं ऱ्हायलं. आता गाडी खाली आली. रबराला वाटतं सरळ व्हावं. पर बोल्ट म्हनतो, न्हाय सोडत. मग ते फाटतंय की! चाकं जमिनीला लागू द्या, गाडीचं वजन बसू द्या, मग शेवटचा पीळ द्या. लई सोपं हाय."

मी वीस वर्षं पोरांना बल आणि पीळ शिकवत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी एवढी खूश झाले की गाडीचा आवाज बंद होतोय का हे बघायचंही विसरले. आवाज अर्थातच बंद झाला.

तेव्हापासून मी महिन्यातून दोन-तीनदा तरी अण्णांच्या शेडमध्ये डोकवायला लागले. गाडीचं काही काम नसलं तरी. माझा नवरा म्हणायचा, बायका माहेरी जातात, ही गॅरेजला जाते. म्हणू दे. तिथं जी मजा होती ती मला कुठल्या माहेरी मिळणार होती?

अण्णांची घरची भाषा तेलुगू. बाप यंत्रमागावर विणकर, अण्णा त्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. तिथं त्यांच्या हाताचा मोठा बोलबाला होता. हातानं आवळलेला बोल्ट किती घट्ट झालाय ते डोळे मिटून सांगायचे म्हणे. एक दिवस त्यांनीच हातानं आवळलेला एक बोल्ट सैल निघाला आणि मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा उडून शेजारच्या मागावरच्या बाईच्या कपाळाला लागला. डोळा थोडक्यात वाचला. ती बाई बरी झाली, कामावरही आली, पण अण्णांनी माग सोडले आणि गाड्यांकडे वळले. मला हे त्यांच्या बायकोनं, नरसूबाईंनी सांगितलं. अण्णा स्वतः एवढंच म्हणायचे, "हात खोटं बोलतो, मॅडम. आनि गोड बोलतो."

म्हणून टॉर्क पाना. ठरवलेला जोर झाला की 'टक' असा आवाज करून सांगणारा लांब दांड्याचा पाना. सोलापुरात तो इतरांकडेही होता, पण अण्णांकडे तो लाकडी पेटीत, स्वच्छ टॉवेलवर झोपायचा. काम झालं की त्याचा आकडा पार खाली उतरवून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. त्या पान्यानं गंजलेला बोल्ट सोडवायचा नाही म्हणजे नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं उत्साहाच्या भरात तसं केलं, तर अण्णांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला, पुसला आणि म्हणाले, "तराजूनं कुनी खिळं ठोकतं का?"

पण पाना असून भागत नाही. आकडा किती लावायचा? इथं अण्णांचं खरं वेड सुरू व्हायचं. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक बोल्टाला कंपनीनं ठरवून दिलेला आकडा असतो, आणि तो मिळवणं म्हणजे मुलीसाठी स्थळ शोधण्याइतकी चौकशी. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात तो नसतो. मोबाइलवर तीन ठिकाणी बघा, तीन आकडे निघतात. "तिगांनी तीन सांगितलं तर तिगं बी खोटं धरायचं," हा अण्णांचा नियम. मग ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसायचे. आतला मेकॅनिक चहाला बाहेर आला की गाठायचा. एका आकड्यासाठी ते चार दिवस तिथं चहा पीत बसल्याचं मी स्वतः पाहिलंय. चौथ्या दिवशी आकडा मिळाला, तेव्हा शेडमध्ये येऊन असे नाचले की नरसूबाई तेलुगूत काहीतरी ओरडल्या आणि बोळातली सगळी माणसं हसली.

मिळालेला आकडा शाळकरी वहीत जायचा. एका पानावर एक गाडी. पुढच्या चाकाचं चित्र, बोल्टाबोल्टाला बाण, बाणापुढं आकडा, बोल्ट कोरडा आवळायचा की तेल लावून, तेही. खाली ज्या गाड्यांना तो लावला त्यांच्या मालकांची नावं. आवळून झालं की बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ. बोल्ट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. हे नेलपॉलिश लाल असायचं आणि ते नरसूबाईंच्या कपाटातून यायचं. "मला लावायला मिळत न्हाय, गाड्या मातूर नटत्यात," त्या म्हणायच्या.

खंडेनवमीला तर शेडमध्ये जत्रा. सगळीकडे हत्यारांची पूजा होते, अण्णांकडे पूजेनंतर हातांची परीक्षा व्हायची. एक जुना काट्याचा पाना होता, जोर लावू तसा काटा पुढं सरकणारा. त्या काट्यावर टॉवेल टाकायचा. बोळातल्या प्रत्येक मेकॅनिकनं यायचं, हाताला ऐंशीचा जोर झाला असं वाटलं की थांबायचं, मग अण्णा टॉवेल उचलणार! काय तो आरडाओरडा! शेजारचे फिरोजभाई डेंटिंगवाले, त्यांनी छाती फुगवून ओढलं आणि टॉवेल उचलला तर काटा एकशे तीसच्या पुढं. "अरे भाई, बोल्ट आवळायला सांगितला, उपटायला न्हाय!" कुणी पन्नासावर थांबलं, कुणी शंभरावर. शेवटी अण्णा स्वतः. डोळे मिटले, तेलुगूत एक-दोन-तीन मोजत पुटपुटले, "ओकटी, रेंडू, मूडू," आणि थांबले. टॉवेल उचलला. एकाहत्तर. आता दुसरा एखादा ओशाळला असता. अण्णा टाळ्या वाजवून ओरडले, "बगा! तीस वर्सांचा हात! नवानं खोटा! लिवून घ्या!" आणि पेढे वाटले.

इंग्रजी मात्र अण्णांना आकड्यांपुरतंच यायचं. कुठून एखाद्या गाडीचं इंग्रजी मॅन्युअल मोबाइलवर मिळालं की ते मला पाठवायचे आणि मी वाचून आकडा सांगायचे. मला त्याचा केवढा अभिमान! स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना ऐकवायचे, सोलापुरात इतक्या गाड्या माझ्या आकड्यांवर चालतात म्हणून.

तर त्या मॅन्युअलची गोष्ट. एक परदेशी बनावटीची सात आसनी गाडी होती. तिचं मॅन्युअल अण्णांनी मला पाठवलं, मी दोन तासिकांच्या मधल्या वेळात उघडलं, लोअर आर्मचा बोल्ट शोधला, अक्षरं बारीक म्हणून बोटांनी मोठी केली आणि फोनवर सांगितलं, "अण्णा, एक्याऐंशी." त्यांनी वहीत लिहिलं. पुढच्या आठ महिन्यांत तशा चार गाड्यांचे लोअर आर्म त्यांनी बदलले.

पाचवी गाडी आली त्या मंगळवारी सकाळी मी कॉलेजला निघालेच होते. अण्णांचा फोन आला. "मॅडम, एवढ्या जाड बोल्टाला एक्याऐंशी कमी वाटतंय. तवा बी वाटलं हुतं. पर तुमी फिजिक्सच्या मॅडम, म्हनून गप बसलो. परत येकदा बगता का?"

मी बघितलं. या वेळी पान पूर्ण उघडलं. वर दोन रकान्यांची दोन डोकी होती. एक न्यूटन-मीटरचं, एक फूट-पाउंडचं. मागच्या वेळी अक्षरं मोठी करताना ती डोकी पडद्याबाहेर गेली होती. एक्याऐंशी फूट-पाउंड होते. अण्णांचा पाना न्यूटन-मीटरचा. तिथं लिहिलं होतं, एकशे दहा.

एकक लिहिलं नाही म्हणून मी बारावीच्या पोरांचा अर्धा गुण कापते. आणि मीच! कसंबसं म्हटलं, "अण्णा, एकशे दहा. मी चुकले."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "चार हायत. दोन गावात, येक मंद्रूप, येक करमाळा. गाडी घेऊन या."

मी कॉलेजला रजा कळवली आणि पोचले. अण्णा टॉर्क पान्याची पेटी मांडीवर घेऊन शेडच्या दारात बसलेच होते. नरसूबाईंनी भाकरी-चटणीचं फडकं माझ्या मागच्या सीटवर ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, यांना सगळं कळलंय.

गावातल्या दोन गाड्या तासाभरात झाल्या. एक डॉक्टर होते, त्यांनी दवाखान्याच्या दारात अण्णांना गाडीखाली जाताना पाहिलं आणि नाडी तपासतानाच विचारलं, "काही बिघडलंय का?" अण्णा म्हणाले, "गाडी न्हाय, मी बिगडलो हुतो. बोल्ट कमी आवळलाय, आता नीट करतो." हे ते प्रत्येक ठिकाणी म्हणत होते. मोठ्यानं, चारचौघांत. मी हळूच म्हटलं, फार बोभाटा करू नका, लोक यायचे थांबतील. अण्णा पेटी उचलून माझ्या गाडीकडं चालू लागले. मंद्रूपचा मालक तर चिडलाच. "तुमच्या भरवशावर लेकरंबाळं घालून फिरलो की मी!" अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, बोल्ट आवळला, लाल रेघ ओढली आणि गाडीत येऊन बसले. तिन्ही गाड्यांत रेघ जागेवर होती. बोल्ट हलले नव्हते. मला जरा धीर आला.

करमाळ्याचा मालक फोन उचलेना. त्याचं नाव बाळासाहेब, गाडी भाड्यानं चालवायचा. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, मी त्या रस्त्यावर इतकी जोरात कधीच गाडी हाणली नव्हती. अण्णा दर दहा मिनिटांनी फोन लावत होते. मध्येच म्हणाले, "ऱ्हाईला आसंल व्यवस्थित. ऱ्हाईला आसंल." मला नव्हे, स्वतःला.

बाजार समितीजवळ त्याचं घर. घरून कळलं, तो आता कमलाभवानीच्या देवळाकडं भाडं घेऊन निघतोय, कोपऱ्यावर माणसं भरतोय. आम्ही कोपऱ्यावर पोचलो तर गाडी चालू होती. सात आसनांत अकरा माणसं, नवसाला निघालेलं धनगराचं कुटुंब, आणि गाडी सरकायला लागलेली.

अण्णा माझी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. साठीचा माणूस असा पळाला आणि त्या गाडीच्या पुढच्या चाकासमोर जाऊन मांडी घालून बसला!

"ओ अण्णा! मरताय का काय?" बाळासाहेब खिडकीतून ओरडला. "गाडी मस्त पळतीया की! तुमीच केलीया!"

"मी केली म्हनूनच बसलोय. बंद कर."

"येळ न्हाय ओ. मान्सं खोळंबल्यात."

"बोल्ट कमी आवळलाय मी. चूक झाली. धा मिनटं दे. न्हायतर मी हितंच बसतो, ने माझ्यावरनं."

आतली माणसं कालवा करायला लागली. कुणी म्हणालं येताना बगा, कुणी म्हणालं देवीला उशीर हुतोय. तेवढ्यात मधल्या सीटवरची हिरव्या लुगड्यातली म्हातारी दार उघडून खाली उतरली आणि मागं वळून म्हणाली, "उतरा रं समदी. मानूस सवताच्या तोंडानं चूक सांगाया आलाय, आनि तुमाला घाई कसली? देवी पळून चाललीया व्हय?"

अकराच्या अकरा माणसं उतरली. पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि अण्णा आत गेले. मीही गुडघ्यांवर बसून वाकले. उजवीकडची रेघ शाबूत होती. अण्णा डावीकडे सरकले आणि थांबले. "बॅटरी दावा," म्हणाले. मी मोबाइलचा उजेड पाडला.

रेघ तुटली होती. बोल्टावरचा लाल तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे, मध्ये नखभर अंतर. अण्णांनी साध्या पान्यानं नुसतं लोटलं तर बोल्ट गरकन फिरला. शेजारी वाकून बघणारा बाळासाहेब पांढराफटक पडला. त्या गाडीत अकरा माणसं बसली होती. मला रडूच फुटलं.

"अण्णा," बाळासाहेब चाचरत म्हणाला, "तुमच्या हातनं एवढी मोठी चूक झालीच कशी?"

मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "यांची नाही, माझी चूक आहे. आकडा मी चुकीचा सांगितला."

गाडीखालून अण्णांचा आवाज आला. माझ्यावर चिडलेले अण्णा मी त्या एकाच वेळी ऐकले. "मॅडम, आकडा कुनी बी सांगंल. पाना कुनाच्या हातात हुता?"

मग आतून हळू आवाजात "ओकटी, रेंडू, मूडू," आणि टक. तो आवाज इतका स्वच्छ आला की म्हातारीनं आपोआप हात जोडले. बाळासाहेब एवढंच म्हणाला, "उजवीकडचा बी परत येकदा बगा." अण्णांनी तोही आवळला.

परतताना टेंभुर्णीजवळ झाडाखाली आम्ही भाकरी खाल्ली. अण्णा एकदम खुलले होते. म्हातारीची नक्कल करत होते, देवी पळून चाललीया व्हय म्हणत होते, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वहीत त्यांनी एक्याऐंशीवर काट मारली, पण ते खोडलं नाही. शेजारी लिहिलं, एकशे दहा न्यूटन-मीटर. दुसऱ्या दिवसापासून कुणीही कुठलाही आकडा सांगितला की अण्णा पहिला प्रश्न विचारायचे, "न्यूटन का दुसरं काय?" बोळात त्यांचं नाव न्यूटन अण्णा पडलं. चहावालाही विचारायचा, "न्यूटन अण्णा, साखर किती न्यूटन?" मंद्रूपचा तो मालक पुन्हा आला नाही. बाकीचे तिघं येत राहिले.

पुढं अण्णांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर झाले, मालिश झाली. गेल्या वर्षी वरंगळला असलेल्या लेकीनं हट्ट धरला आणि दोघांनी तिकडं राहायला जायचं ठरलं. जावई गाडी घेऊन न्यायला आला. अण्णांनी सवयीनं ती चालवून बघितली आणि जाहीर केलं, पुढचे बुश गेलेत, असं जायचं नाही. जावयानं कपाळाला हात लावला. सुटे भाग आले. फिरोजभाईंनी जुनं काढून नवं बसवून दिलं, गाडी फळ्यांवर उभी केली आणि त्यांना तातडीचं काम आलं म्हणून ते गेले. राहिला शेवटचा पीळ.

मी निरोप द्यायला म्हणून गेले होते, इस्त्रीच्या साडीत. अण्णांनी लाकडी पेटी उघडली आणि पाना माझ्यापुढं धरला.

"मला ओढत न्हाय आता. तुमी ओढा."

"अण्णा, मी? जावयांना सांगा की."

"आकडा सांगा."

त्या गाडीचं मॅन्युअल अण्णांनी आदल्या दिवशीच मला पाठवलं होतं, ते मी मोबाइलवर उघडलं. पान पूर्ण, रकान्याच्या डोक्यासकट. दोनदा वाचलं. आकडा लावला, अण्णांना दाखवला, त्यांनी चष्मा पुसून बघितला. मग मी साडी खोचली आणि एका वाकड्या किनारीच्या टॉवेलवर पाठ टेकून गाडीखाली गेले. ओढलं. टक. दुसऱ्या बाजूला गेले. टक. लाल रेघा ओढल्या. बाहेर आले तेव्हा माझी पाठ घामानं आणि ग्रीसनं भरली होती.

मला वाटलं, आता ते वाकतील, हात लावून बघतील. सोलापुरातल्या कुणाही मेकॅनिकनं आवळलेला बोल्ट त्यांनी कधी न तपासता सोडला नव्हता.

अण्णा वाकले नाहीत. त्यांनी पान्याचा आकडा खाली उतरवला, पेटी बंद केली आणि सामानात ठेवली. नरसूबाईंना मागं बसवलं, तीन वर्षांच्या नातीला त्यांच्या मांडीवर दिलं, स्वतः पुढं जावयाशेजारी बसले आणि दार लावून घेतलं.

"चला," ते जावयाला म्हणाले. "लई लांब जायाचंय."